भारद्वाज दिसला की जातो

"सिल्लोडची गाडी रोज सुटते, बद्री. सुटत नाहीस तो तूच."

त्या हिवाळ्यात हिमायत बागेत चालताना हे मी इतक्या वेळा म्हणालो की शेवटी शेवटी मलाच त्याचा कंटाळा आला. बद्रीनाथ हसायचा आणि म्हणायचा, "भारद्वाज दिसला की जातो, राहतभाई." आणि पुन्हा झुडपात बघत चालायला लागायचा.

मी राहत. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली जन्मलो. एसटीत कंडक्टर होतो आणि निम्मी नोकरी सिल्लोडच्याच रस्त्यावर केली. माणसाला कुठं जायचं असेल तर त्यानं तिकीट काढावं, बसावं आणि जावं. प्रवासातलं याहून जास्त मला काही कळत नाही. खिडकीवरून भांडणारी माणसं मला चालतात, पण स्टँडवर उभं राहून जाऊ की नको करणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. आणि निवृत्त झाल्यावर चालायला जोडीदार मिळाला तो नेमका तसला.

बद्रीनाथ मूळचा फुलंब्रीकडचा. वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर उभं राहून निवृत्त झाला आणि दिल्ली दरवाजाजवळ मुलाकडं राहायला आला. त्याला साखरेमुळं डॉक्टरनं चालायला लावलं होतं, मला गुडघ्यांमुळं. हिमायत बाग आम्हा दोघांनाही सोयीची. मोठी आहे, जुनी आंब्या-चिंचांची झाडं आहेत, रस्ता मातीचा आणि सपाट. दम लागायच्या आत सावली येते. सकाळी मोर रस्ता अडवून उभे असतात आणि आपण जवळ गेलो तरी हलायची घाई करत नाहीत. बद्रीला हे सगळं थांबून बघायचं असायचं. मला फेरी संपवून रोजाबागच्या कोपऱ्यावर चहा प्यायचा असायचा. तरी आमचं जमलं. पहिल्याच वर्षी आम्ही अरे-तुरेवर आलो.

बद्रीला मोठी बहीण होती, भागूबाई. सिल्लोडला दिलेली. आई लवकर गेली आणि याला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं. तिच्याबद्दल बोलायला लागला की हा साठीचा माणूस आक्का, आक्का करत पाच वर्षांचा व्हायचा. आणि त्याच आक्काशी त्याचं बोलणं बंद होतं. कारण ऐकलं तर दुसऱ्या मुलखातली माणसं हसतील. बद्रीच्या मुलीच्या लग्नात मांडवात माईकवरून टोपी-टॉवेलाच्या आहेराची नावं पुकारत होते. आमच्याकडं हे काम विस्तवाशी खेळण्यातलं. पहिला मान मेहुण्याचा. पुकारणाऱ्यानं आधी सगळ्या भाऊबंदांची नावं घेतली आणि भागूबाईच्या नवऱ्याचं, बन्सी दाजींचं, अगदी शेवटी, टोप्या संपत आल्यावर. भागूबाई उठली, नवऱ्याला हाताला धरलं आणि पंगत सोडून निघून गेली. बद्री त्या वेळी वरमायांच्या गराड्यात होता. उद्या जाऊन पाया पडू, असं त्याला वाटलं. त्या उद्याची वर्षं झाली. तिकडून राखी येईना, इकडून भाऊबीजेला हा जाईना.

आणि त्या साली दसऱ्याच्या सुमाराला बद्रीच्या बायकोला, आशाबाईला, भागूबाईच्या सुनेचा फोन आला. म्हाताऱ्या बाईला काचबिंदू झालेला. एक डोळा गेला होता, दुसराही वाचणार नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. सून म्हणाली, "मामी, सासूबाई कोणाला बोलत नायत, पर मला म्हणल्या, दिसतंय तवर बद्रीला एकदा बघायचं हाय."

एवढा निरोप आल्यावर मी असतो तर अंगात शर्ट घालत घालत गाडी पकडली असती. बद्रीही निघाला. फुलंब्रीच्या अलीकडं गाडीचं चाक बसलं. सगळे प्रवासी खाली उतरून दुसऱ्या गाडीत चढले, हा अपशकुन झाला म्हणून उलट्या दिशेच्या गाडीत चढून घरी आला. दुसऱ्या वेळी तो स्टँडवर उभा होता, गाडी लागलेली होती, आणि मागून कोणीतरी विचारलं, "काय, कुठं निघालास?" निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. विचारणारा मीच होतो. पेन्शनच्या कामासाठी डेपोत गेलो होतो आणि त्याला बघून मला आनंद झाला होता. तो पिशवी घेऊन घरी गेला आणि दोन दिवस बागेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "अरे, तुला भीती तरी कसली वाटते?"

तो चालता चालता म्हणाला, "तिनं दार लावून घेतलं तर? लई मानी हाय ती, राहतभाई. एकदा दारातून मागं फिरलो की पुन्हा जायला तोंड राहणार नाय. एकच डाव हाय माझ्याकडं. त्यो चांगला मुहूर्त बघून टाकू दे."

त्याचं हे मला पटलं नाही, पण समजलं. त्यामुळं मी गप्प बसलो. बोलले ते नानासाहेब.

नानासाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. उन्हाळ्यातसुद्धा मफलर. अधूनमधून आमच्याबरोबर फेरी मारायचे आणि फेरीभर आम्हाला शिकवायचे. ते म्हणाले, "बद्रीनाथ, एवढा विचार करू नका. शुभ कामाला निघताना सकाळी भारद्वाज पक्षी दिसला की काम फत्ते. मागे वळून पाहायचं कारण नाही."

"कसा असतो वो तो?" बद्रीनं विचारलं.

"सोन्याच्या पंखांचा. माणकासारखे डोळे. दिसला की आपोआप कळतं."

"तुम्ही बघितला का?" मी विचारलं.

"अनेकदा," नानासाहेब म्हणाले आणि मफलर सारखा केला. मी आयुष्यभर 'पास आहे' म्हणणारी आणि पास न दाखवणारी माणसं बघितलीत. पण मुख्याध्यापकाचा पास कोण तपासणार?

झालं. त्या दिवसापासून आमचं चालणं संपलं आणि शोधणं सुरू झालं. बद्री रस्त्याकडं बघेनासा झाला. त्याची मान सदा कुंपणाकडं, नाहीतर फांद्यांत. मी त्याच्या कोपराला धरून खड्डे चुकवायचो. एकदा चिंचेवर पिवळाधमक पक्षी दिसला तेव्हा तो माझा हात सोडवून झाडाखाली धावला. नानासाहेब म्हणाले, "छे, तो हळद्या." एकदा तारेवर निळ्या पंखांचा बसला होता. "तो नीलकंठ. चांगला आहे, पण तो नव्हे." बद्रीला तोवर मनात भारद्वाज पक्का दिसायला लागला होता. मोराहून लहान, हळद्याहून मोठा, उन्हात झळाळणारा. बाग एवढी मोठी, तर कुठंतरी असणारच, म्हणायचा.

दिसायचे ते रोजचेच. खारी, मुंगसं, सातभाईंची भांडकुदळ टोळी आणि मेंदीच्या कुंपणाखालून चालणारा एक कुंभारकावळा. कावळ्याएवढा, काळा, पंख विटकरी, लांब शेपूट सांभाळत ओल्या पाचोळ्यात किडे शोधायचा. त्याला धड उडताही येत नव्हतं. कुंपणाच्या आतून घागरीत तोंड घालून ओरडल्यासारखा घुमायचा. बद्रीचा त्याच्यावर राग होता, कारण त्यानं बुलबुलाच्या घरट्यातली अंडी पळवताना बघितलं होतं. दिसला की हा ढेकूळ उचलायचा. "हाड्, चोरा," म्हणायचा. माझी अम्मी त्याला महोका म्हणायची. बद्री म्हणायचा कुंभारकावळा, मी मनात म्हणायचो महोका, आणि नानासाहेब नुसते बघायचे आणि पुढं चालायचे.

संक्रांत झाली. तिळगूळ आशाबाईनं आपल्या सुनेच्या हाती सिल्लोडला पाठवला. हा गेला नाही. एकदा मला वाटलं, एखाद्या पोपटाकडं बोट दाखवून म्हणावं, तो बघ तुझा भारद्वाज, आणि याला गाडीत कोंबावं. पण माणसाचा एकुलता एक डाव खोट्या शकुनावर लावायची माझी छाती झाली नाही. मी आपला गाडीचा विनोद पुन्हा केला.

होळीच्या आधी आशाबाई मला बागेच्या दारात गाठून म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी सांगा. तिकडं वन्सं आंधळ्या व्हायला लागल्या, अन् ह्यांचं आपलं पाखरू, पाखरू. फोन आला होता. आता निस्ती सावली दिसती म्हणं."

मी त्या दिवशी त्याला चांगलं खडसावलं. तुझ्या बहिणीचे डोळे तुझ्या पाखरासाठी थांबणार नाहीत, असं सरळ सांगितलं. तो म्हणाला, "ह्या आठवड्यात बघू." बघू हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

मग एका रविवारी बागेत कुठल्याशा कॉलेजची पोरं आली. गळ्यात दुर्बिणी, आणि त्यांच्यापुढं एक बाई, पायात कॅनव्हासचे बूट, बोट ओठांवर. नानासाहेबांसकट आम्ही तिघं बाजूला थांबलो. बाईंनी हात वर केला, सगळी पोरं जागच्या जागी उभी राहिली आणि बाई हळू आवाजात म्हणाल्या, "भारद्वाज."

बद्रीनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की बोटं उमटली. "कुठं?" त्यानं बाईंना विचारलं.

"तो काय, काका. मेंदीखाली."

आम्ही बघितलं. मेंदीखाली तो रोजचा चोर पाचोळा उकरत होता.

"त्यो?" बद्री म्हणाला. "त्यो तर कुंभारकावळा."

"हो, तोच. कुंभारकावळा म्हणतात, भारद्वाज म्हणतात. एकच पक्षी. पंखांचा रंग बघा, आणि डोळे बघायचे असतील तर ही घ्या." बाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली.

बद्रीनं ती डोळ्यांना लावली. किती वेळ लावून उभा होता कोण जाणे, पोरं पुढं निघून गेली तरी बाई थांबल्या. मीही मग बघितलं. ऊन त्या विटकरी पंखावर पडलं होतं आणि नाकारायला जागा नव्हती, सोनंच होतं ते. डोळे लालभडक. नानासाहेब म्हणाले, "अगदी बरोबर, हाच." मी त्यांच्याकडं बघितलं. पुढची फेरी त्यांनी एकट्यानं मारली.

बद्रीनं दुर्बीण परत दिली, बाईंना हात जोडले आणि मला म्हणाला, "राहतभाई, सिल्लोडची गाडी कव्हा हाय?"

"जाऊ तेव्हा आहे," मी म्हणालो. "चल."

आम्ही घरीसुद्धा गेलो नाही. फिरायच्या बुटांनी, अंगातल्या कपड्यांनी हर्सूलच्या नाक्यावर गाडीला हात केला. फुलंब्री मागं पडली. मग बद्री खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी त्याला ढेकळं मारली, राहतभाई. रोज समोर येत होता, अन् मी ढेकळं मारत होतो."

"आता गाडीत बसलास ना? झालं तर मग," मी म्हणालो. मला खरंच वाटत होतं की झालं.

दार बन्सी दाजींनी उघडलं. जाड भिंगांचा चष्मा, उघडं डोकं. बद्री त्यांच्या पायांवर वाकला तसे ते घाईघाईनं मागं सरले. "अरे, अरे, आत या आधी," म्हणाले. बद्री तिथं उंबऱ्यातच टोपीचं काहीतरी बोलायला लागला. "कसली टोपी?" दाजी म्हणाले. "मी टोपी घालतच नाय. तिलाच विचार काय ते." ज्या माणसाच्या मानासाठी इतकी वर्षं गेली, त्याला ती टोपी लक्षातही नव्हती.

भागूबाई आतल्या खोलीत पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सुपाकडं तिचं लक्ष नव्हतं, बोटंच काम करत होती. "कोण हाय?" तिनं विचारलं. तिचं तोंड आमच्याकडं नव्हतं, थोडं बाजूला, भिंतीकडं होतं.

बद्री दारातच थांबला. मी म्हणालो, "आक्का, मी राहत. बद्रीनाथला घेऊन आलोय."

तिचे हात थांबले. मग तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "बस. पाणी दे गं यांना."

दार लावलं नाही, हाकललं नाही. आम्ही पाणी प्यायलो. बद्री तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगायला सुरुवात केली. लपवणं त्याला कधी जमलंच नाही. बसलेलं चाक सांगितलं, स्टँडवरचा माझा प्रश्न सांगितला, नानासाहेब, सोन्याचे पंख, मेंदीचं कुंपण, दुर्बीण, सगळं. सांगताना त्याला मध्येच हसूही आलं. भागूबाई शेंगा फोडत ऐकत होती.

"म्हणजी आज पाखरू दिसलं म्हणून आलास," ती म्हणाली.

"तसं नाय, आक्का."

"मंग कसं?"

बद्री खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागला. तिनं विचारलं, "ती बाग दिल्ली दरवाजाच्या पलीकडली का? मोर हायत तिथं?"

"व्हय. तुला कसं ठाव?"

"मी आले होते," भागूबाई म्हणाली. "संक्रांतीच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला आणलं होतं पोरानं. हर्सूलला सुनेच्या माहेरी राहिलो. आशानं फोनवर सुनेला सांगितलं होतं, रोज सकाळी बागेत जातो म्हणून. मी सुनेला म्हणलं, मला निस्तं बाकावर नेऊन बसव. बोलायचं नाय मला त्याच्याशी. बघायचं हाय. तवा ह्या डोळ्याला दिसत होतं. जवळचं दिसत होतं."

सून पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी होती आणि खाली बघत होती.

"दोन दिस बसले. दोन्ही दिस तू जवळून गेलास. हे भाऊ संगं होते, कोपराला धरून. चाल बघूनच वळखलं मी, बाप असाच चालायचा. म्हणलं, आता बघंल. तर तुझी मान तिकडं, झुडपात. दुसऱ्या दिशी बी तसंच. मला वाटलं, बघितलं अन् मान फिरवली."

"आक्का, मी तुझ्याकडंच यायचं म्हणून..." बद्री म्हणाला.

"हाक मारायची होती की, आक्का," मी म्हणालो.

"कशी मारू? मोठी मी हाय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं. "तिसऱ्या दिशी नाय गेले. घरी आलो. मंग शिमग्याच्या आधी ह्यो डोळा बी मिटला."

मला ती बाई आठवत नाही. बसमध्ये चेहरे ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण बाकावर बसलेली, डोळ्यावर हात धरून आमच्याकडं बघणारी म्हातारी मला आठवत नाही. तो झुडपं बघत होता आणि मी खड्डे.

भागूबाईनं सूप बाजूला सारलं. हात पुढं केला नाही, तोंड चाचपलं नाही, तसलं काही ती करणाऱ्यातली नव्हती. नवऱ्याच्या आवाजाच्या रोखानं वळली आणि म्हणाली, "अवो, तुमी सांगा. कसा दिसतो हा आता?"

बन्सी दाजींनी चष्मा वर सरकवला आणि बद्रीकडं नीट बघितलं. बद्रीचे पुढचे दात पडले होते. टक्कल पडलं होतं, उरलेले केस पांढरे, साखरेनं गाल आत गेलेले, आणि त्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तसाच हाय," दाजी म्हणाले. "लग्नात होता तस्साच."

"मंग बरं," भागूबाई म्हणाली. आणि सुनेला तिनं भाकरी टाकायला सांगितलं.